सुताच्या लॉटपासून टॉवेलच्या गाठीपर्यंत: मोठ्या सीएसव्ही फायली निओफोरजेमध्ये वेगाने कशा भरायच्या

सोलापुरात एक टॉवेल एकाच छपराखाली पूर्ण झाला असं फार थोड्या ठिकाणी होतं. सूत एकाकडून येतं, रंगाई दुसरीकडे होते, वार्पिंग (ताण्याची उभी सुतं लावणं) आणि सायझिंग (त्यांना खळ देणं) तिसरीकडे. बीम चढतो तो अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या किंवा गावातल्या एखाद्या शेडमधल्या मागावर, आणि कटिंग, शिलाई, गाठी बांधणं आणखी कुणाकडे. मग एखाद्या दिवशी व्यापाऱ्याचा फोन येतो, "रंग सुटतोय." तेव्हा कारखानदाराला दोन गोष्टी तातडीने हव्या असतात. हा माल रंगाईच्या कुठल्या लॉटचा, आणि त्याच लॉटचं सूत आणखी कुठल्या कुठल्या गाठींत गेलंय?

हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ही माहिती असते, पण चलनांच्या, जॉबवर्कच्या आणि विक्रीच्या वेगवेगळ्या तक्त्यांत विखुरलेली. ग्राफ डेटाबेसमध्ये लॉट, पक्ष, चलन हे नोड होतात, त्यांच्यातली देवाणघेवाण रिलेशनशिप होते, आणि गाठीपासून मागे चालत सुतापर्यंत जाणं ही एक छोटी क्वेरी उरते. मी या कामासाठी निओफोरजे (Neo4j) हा ग्राफ डेटाबेस वापरतो आणि त्याच्या पाचव्या मालिकेतल्या आवृत्त्या धरूनच पुढचं लिहितोय. आज्ञा टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरांत लिहायच्या.

शिकताना शंभर ओळींची सीएसव्ही फाईल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेला साधा मजकूर) डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच भरली जाते. खरी फाईल लावली की तीच आज्ञा रात्रभर चालते आणि पहाटे मेमरी संपल्याचा संदेश देऊन पडते. फाईल मोठी आहे म्हणून हे होतं असं वाटतं, पण बहुतेक वेळा कारण वेगळं असतं: प्रत्येक ओळीसाठी डेटाबेसला काहीतरी शोधावं लागतं आणि तो शोध महाग पडतो. म्हणून वेगाचा निकाल आयात सुरू होण्याआधीच, आराखडा, ओळख-कोड आणि फायलींची मांडणी यांत लागलेला असतो. या लेखाचा निम्मा भाग त्यामुळेच डेटाबेसच्या बाहेरच्या कामाबद्दल आहे.

उदाहरणासाठी एक आकार धरून चालू: साठ हजार पक्ष, आठ लाख लॉट, वीस लाख चलनं आणि एक कोटी वीस लाख हालचाली, म्हणजे रिलेशनशिप.

पायरी १: आधी कागदावर आराखडा

पक्ष, लॉट, चलन आणि गाठ हे चार नोड पुरेसे आहेत. "या लॉटपासून हा लॉट बनला" ही रिलेशनशिप सगळ्यात मोलाची, कारण माग काढायचा तो तिच्यावरूनच. चलनाला नोड करावं की दोन पक्षांमधली रिलेशनशिप, यावर बराच खल होतो. माझं मत स्पष्ट आहे: नोड करा. एका चलनावर चार लॉट असतात, वाहन असतं, तारीख असते, पुढे त्यावर परतावाही येतो. रिलेशनशिपला आणखी एक रिलेशनशिप जोडता येत नाही, आणि सहा महिन्यांनी नेमकं तेच करायची वेळ येते.

उलट काही गोष्टींना नोड करण्याचा मोह टाळा. ६३०२ हा टॉवेलचा एचएसएन कोड (जीएसटीतला मालाच्या वर्गीकरणाचा क्रमांक) किंवा "महाराष्ट्र" हे राज्य नोड म्हणून ठेवलं, तर जवळपास प्रत्येक चलनाची एक रिलेशनशिप त्या एका नोडला चिकटते. असे लाखो फांद्यांचे नोड भरताना कुलपांवर (एका वेळी एकालाच बदल करता यावा म्हणून डेटाबेस नोडला लावतो ती) रांग लावतात आणि नंतर क्वेरीलाही अडवतात. कोड, राज्य, तारीख, वजन हे गुणधर्म म्हणूनच राहू द्या. त्यावर शोध लागणार असेल तर इंडेक्स (झटपट शोधासाठीची सूची) आहेच.

पायरी २: ओळख-कोड पक्का करा

नोंदणीकृत पक्षासाठी जीएसटी क्रमांक चांगला आहे. तो पंधरा अक्षरांचा असतो, पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्राचा २७), पुढची दहा अक्षरं पॅनची. एकाच पेढीची सोलापूर आणि हैदराबाद अशा दोन ठिकाणी नोंदणी असेल तर जीएसटी क्रमांक दोन, पण पॅन एकच. त्यामुळे पॅनचा भाग वेगळ्या रकान्यात काढून ठेवला की "ही दोन्ही खाती एकाच मालकाची का?" हेही पुढे विचारता येतं.

पण आपल्याकडचे कितीतरी छोटे मागवाले आणि जॉबवर्क करणारे जीएसटीत नोंदलेलेच नाहीत. त्यांच्यासाठी खातेवहीतल्या खाते क्रमांकाला एखादी ठराविक सुरुवात जोडून स्वतःचा कोड बनवा. मोबाइल क्रमांक ओळख म्हणून वापरू नका. तो बदलतो, शिवाय एकाच घरातले दोघे भाऊ दोन वेगळ्या खात्यांवर एकच क्रमांक देतात.

लॉट क्रमांकात आणखी एक खाच आहे. बहुतेक ठिकाणी तो १ एप्रिलला पुन्हा एकपासून सुरू होतो. २०२२-२३ चा लॉट ११२ आणि २०२३-२४ चा लॉट ११२ डेटाबेसने एकच मानले, तर माग काढताना एका वर्षाचं सूत दुसऱ्या वर्षाच्या टॉवेलमध्ये दिसेल, आणि ते चुकलंय हे कुणाच्या लक्षातही येणार नाही. आर्थिक वर्ष, विभाग आणि लॉट क्रमांक जोडून एकच मजकुरी कोड करा. चलन क्रमांकालाही तोच नियम लावा.

पायरी ३: फायली स्वच्छ करा, पण एक्सेलमध्ये नाही

एक्सेलच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळी मावतात, त्यापुढचं कापलं जातं. पण मी एक्सेल टाळतो त्याचं मोठं कारण वेगळं आहे. ई-वे बिलाचा क्रमांक बारा अंकी असतो. तो सीएसव्हीतून उघडला की एक्सेल त्याला घातांकाच्या रूपात दाखवतं, आणि तसंच सेव्ह केलं की शेवटचे अंक फाईलमधून कायमचे जातात. ००४५ हा खाते क्रमांक ४५ होतो. फाईल फक्त "बघायला" उघडून सवयीने सेव्ह करण्याइतकं हे नुकसान सोपं आहे. म्हणून मूळ फायली आधी फक्त वाचता येतील अशा करून ठेवा, आणि सफाईसाठी डकडीबी (फायलींवर थेट चालणारा छोटा डेटाबेस) किंवा पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा घ्या. डकडीबी साध्या लॅपटॉपवरही कोटभर ओळींची सीएसव्ही वाचतं, नकला काढतं, क्रम लावतं आणि नवी फाईल लिहून देतं. सगळे रकाने वाचताना मजकूर म्हणूनच वाचायला सांगा.

आता आपल्या धंद्याची खास अडचण. टॉवेलचा आकार लिहितात ३०"x६०". इंचाची ही खूण म्हणजेच सीएसव्हीचं अवतरणचिन्ह. सॉफ्टवेअरने मजकूर अवतरणात गुंडाळून दिला पण आतली खूण दुहेरी केली नाही, तर निओफोरजेला वाटतं रकाना तिथेच संपला, आणि पुढची अक्षरं दिसली की आयात थांबते. एखादं अवतरण उघडून बंदच झालं नसेल तर पुढच्या ओळीही त्याच रकान्यात गिळल्या जातात. सफाईत इंचाची खूण काढून लांबी आणि रुंदी असे दोन संख्यांचे रकाने करा, आकारावरून शोधही सोपा होतो. शेरा किंवा नॅरेशनच्या रकान्यात कुणी एंटर मारून दोन ओळी लिहिलेल्या असतात, तिथे नवी ओळ काढून मोकळी जागा ठेवा.

रकमांचं काय होतं तेही समजून घ्या. लोड सीएसव्ही (निओफोरजेची सीएसव्ही भरण्याची आज्ञा) प्रत्येक गोष्ट मजकूर म्हणूनच वाचतं, संख्या करायची असेल तर टू-फ्लोट किंवा टू-इंटिजर वापरावं लागतं. "१,२५,०००" असा स्वल्पविराम असलेला मजकूर टू-फ्लोटला दिला तर चूक दाखवली जात नाही, थेट नल (काहीच नाही अशी रिकामी किंमत) मिळतं. आयात यशस्वी दिसते आणि मोठ्या रकमा, म्हणजे नेमक्या महत्त्वाच्याच, गायब असतात. स्वल्पविराम आधीच काढा. बिलात देवनागरी अंक असतील तर तेही रोमन अंकांत बदला. तारखा ०५/०४/२०२३ अशा असतील तर वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, मधे आडवी रेघ देऊन लिहा. निओफोरजेच्या तारीख-फंक्शनला पहिला प्रकार कळत नाही.

मराठी नावांची सफाई सगळ्यात वेळखाऊ आहे, आणि इथे घाई करू नये. जुन्या कार्यालयांतली टंकलेली नावं कित्येकदा युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतात, ती आधी युनिकोडमध्ये आणावी लागतात. युनिकोडमध्ये आल्यावरही "ॲ" दोन प्रकारे टाइप होतो: एक सलग अक्षर म्हणून, दुसरा "अ" वर चंद्र देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. "व्यापाऱ्याला" मधला अर्धा र कुणी "ऱ" वापरून लिहितं, कुणी "र"पुढे अदृश्य जोडचिन्ह देऊन. युनिकोडचं नेहमीचं एनएफसी प्रमाणीकरण या दोन्ही जोड्या एकसारख्या करत नाही, त्यासाठी बदलाचे नियम आपणच लिहायचे. सोलापुरात तेलुगू वळणाची आडनावं भरपूर आहेत आणि ती मराठीत दोन-तीन तऱ्हांनी लिहिली जातात. नियमाने नावं जुळवायचा हट्ट इथे धरू नका. नाव फक्त दाखवण्यासाठी ठेवा आणि जुळणी कोडवरच करा. फाईल शेवटी यूटीएफ-८ मध्ये, सुरुवातीच्या बीओएम खुणेशिवाय सेव्ह करा, नाहीतर पहिल्या रकान्याच्या नावाला अदृश्य शेपूट चिकटण्याचा धोका असतो.

सफाईच्या शेवटी हातात दोन प्रकारच्या फायली हव्यात. नोडच्या फायली, प्रत्येक प्रकाराची वेगळी, एका कोडची एकच ओळ. आणि रिलेशनशिपच्या फायली, ज्यात कुठून, कुठे आणि त्या हालचालीचे गुणधर्म एवढंच. सगळं एकत्र असलेली लांबलचक फाईल तशीच लावायची नाही.

एक आग्रहाची गोष्ट. शिलाई आणि जॉबवर्क करणाऱ्या, घरून काम करणाऱ्या बायकांची नावं, आधार, मजुरीचे आकडे अशा फायलींत सहज येतात. लॉटचा माग काढायला त्यातलं काहीही लागत नाही. ते रकाने इथेच वगळा. पुढे कुणी बघू नये म्हणून परवानग्या लावत बसण्यापेक्षा ही माहिती डेटाबेसमध्ये न जाणं जास्त सुरक्षित.

पायरी ४: रस्ता निवडा

डेटाबेस नवा, रिकामा आणि फायली मोठ्या असतील तर निओफोरजे-ॲडमिन या सोबतच्या आज्ञा-साधनाची पूर्ण आयात, म्हणजे "डेटाबेस इम्पोर्ट फुल". ती व्यवहारांची (ट्रान्झॅक्शनची) यंत्रणा बाजूला ठेवून थेट साठ्याच्या फायली लिहिते, म्हणून सर्वांत वेगवान. डेटाबेस चालू आहे, त्यात आधीचा डेटा आहे आणि रोज थोडी भर पडते, तर लोड सीएसव्ही. माझ्या मते पहिली भरती पहिल्या रस्त्याने आणि रोजची पुरवणी दुसऱ्याने, हीच वाटणी योग्य. आधीच डेटा असलेल्या डेटाबेसमध्ये ॲडमिनने वाढीव आयात करायची सोय आहे, पण ती एंटरप्राइझ आवृत्तीतच.

निओफोरजेची ऑरा ही क्लाउड सेवा वापरत असाल तर तिथे स्वतःच्या मशीनवरची फाईल लोड सीएसव्हीला दिसत नाही, ती वेबपत्त्यावर ठेवावी लागते. मोठ्या भरतीसाठी आपल्या मशीनवर पूर्ण आयात करून तयार डेटाबेस वर चढवणं सोयीचं.

पायरी ५: पूर्ण आयात

प्रत्येक डेटा फाईलसाठी एका ओळीची शीर्षक-फाईल वेगळी ठेवा. शीर्षक बदलायचं झालं तर दोन जीबीची फाईल पुन्हा लिहावी लागत नाही. नोडच्या शीर्षकात ओळख-कोडाच्या रकान्याला विसर्गासारख्या दोन टिंबांपुढे आयडी लिहायचं आणि कंसात त्या गटाचं नाव: पक्षांसाठी एक गट, लॉटसाठी दुसरा. गट दिले नाहीत तर पक्ष १०१ आणि लॉट १०१ एकमेकांवर आदळतात. दोन टिंबांच्या आधी गुणधर्माचं नावही लिहा. ते रिकामं सोडलं तर कोड फक्त आयातीपुरता वापरला जातो, डेटाबेसमध्ये साठवलाच जात नाही, आणि पुढची रोजची भर कशाला जोडायची हा प्रश्न उभा राहतो.

रिलेशनशिपच्या शीर्षकात स्टार्ट-आयडी, एंड-आयडी आणि टाइप हे तीन हवेत, पहिल्या दोघांना कंसात आपापला गट. संख्या आणि तारखांच्या रकान्यांना प्रकार इथेच द्या. कोडचा प्रकार मात्र मजकूरच ठेवा. पूर्णांक केला तर मेमरी वाचते, पण सुरुवातीची शून्यं जातात.

फायली जीझिपमध्ये दाबलेल्या असल्या तरी चालतात. एका टोकाचा नोडच नसलेली रिलेशनशिप भेटली आणि तुम्ही सूट मागितलेली नसली, तर आयात थांबते. खऱ्या डेटात अशा ओळी असतातच, म्हणून वाईट रिलेशनशिप वगळण्याचा पर्याय द्या, पण किती चुका सोसायच्या ही मर्यादाही स्वतः घाला. मर्यादा लहानच बरी. लाखभर ओळी वगळल्या जात असतील तर दोष फाईलच्या मांडणीत आहे. वगळलेल्या ओळी इम्पोर्ट-रिपोर्टच्या फाईलमध्ये लिहिल्या जातात, ती फाईल नीट वाचा.

ही आयात मधेच तुटली तर अर्धा डेटाबेस वापरता येत नाही, पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. त्यामुळे आधी नमुना चालवा. नमुना घेताना प्रत्येक फाईलच्या पहिल्या हजार ओळी उचलू नका, त्यांतल्या रिलेशनशिप आणि नोड एकमेकांशी जुळतच नाहीत. एक महिना निवडा, त्या महिन्याच्या हालचाली घ्या आणि त्यांत येणारेच लॉट, पक्ष, चलनं काढा. जागा एसएसडीवर आणि मुबलक हवी. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असतो आणि बंद खोलीतला लॅपटॉप तापला की स्वतःचा वेग उतरवतो. यूपीएस जोडलेला डेस्कटॉप आणि रात्रीची वेळ, एवढी काळजी घ्या.

आयात झाली की डेटाबेस सुरू करून लगेच प्रत्येक प्रकाराच्या कोडवर युनिक कन्स्ट्रेंट (एक कोड एकाच नोडला, असा नियम) लावा. तो स्वतःसोबत इंडेक्सही बनवतो. इंडेक्स पूर्ण भरल्याशिवाय क्वेरीचा वेग मोजू नका.

पायरी ६: लोड सीएसव्हीने भरताना

इथे क्रम उलटा: कन्स्ट्रेंट आधी, डेटा नंतर. कन्स्ट्रेंट नसताना मर्ज (नोड असेल तर शोधणारी, नसेल तर बनवणारी आज्ञा) प्रत्येक ओळीला त्या लेबलचे, म्हणजे त्या प्रकाराचे, सगळे नोड तपासतं. पहिल्या हजार ओळी पटकन जातात, आठव्या लाखाला प्रत्येक ओळीमागे आठ लाख नोडांची झडती होते. फाईल जसजशी पुढे सरकते तसतसा वेग मंदावत असेल तर पहिला संशय इथेच घ्या.

मर्जमध्ये फक्त कोड लिहा, बाकी नाव, पत्ता, वजन हे पुढे सेट करा. सगळे गुणधर्म मर्जमध्येच कोंबले तर पत्त्यातला एक स्वल्पविराम बदलला तरी निओफोरजे तो वेगळा नोड समजून नवा बनवायला जातं आणि कन्स्ट्रेंटवर आपटतं. कोड रिकामा असेल तर तो नल होतो आणि नलवर मर्ज चूक देऊन थांबतं, म्हणून रिकाम्या कोडच्या ओळी आधीच गाळा. नकला आधीच काढलेल्या असतील आणि डेटाबेस रिकामा असेल तर मर्जऐवजी क्रिएट (न शोधता थेट बनवणारी आज्ञा) वापरा, तपासणीचा वेळ वाचतो.

एकच मोठा व्यवहार केला तर सगळे बदल मेमरीत साठत जातात. त्यासाठी लोड सीएसव्हीमागे कॉलची उपक्वेरी आणि तिच्या शेवटी "इन ट्रान्झॅक्शन्स ऑफ इतक्या रोज" (रोज म्हणजे ओळी) लिहायचं, म्हणजे तेवढ्या ओळींची एकेक तुकडी पक्की होत जाते. संख्या न दिल्यास हजार धरली जाते, मी दहा हजारांपासून सुरू करतो. जुन्या लेखांत दिसणारं "यूजिंग पिरिऑडिक कमिट" पाचव्या मालिकेत उरलेलं नाही. निओफोरजे ब्राउझरमधून चालवताना सुरुवातीला दोन टिंबं देऊन ऑटो लिहावं लागतं.

या तुकड्यांचा फायदा एका गोष्टीने पूर्ण मातीत जातो, ती म्हणजे ईगर. एकाच क्वेरीत तुम्ही देणारा पक्ष आणि घेणारा पक्ष दोघांना मर्ज केलं, की एका ओळीने बनवलेला नोड दुसऱ्या ओळीच्या शोधात सापडू शकतो. उत्तर चुकू नये म्हणून निओफोरजे आधी सगळ्या ओळी गोळा करतं आणि मगच पुढे जातं. तुकड्या लावूनही मेमरी फुगते ती यामुळे. खरी फाईल लावण्याआधी क्वेरीला एक्सप्लेन जोडून योजना बघा. त्यात ईगर दिसलं तर क्वेरी मोडा: एका फेरीत पक्ष, दुसरीत लॉट, तिसरीत चलनं, आणि रिलेशनशिप सर्वांत शेवटी, जिथे दोन्ही टोकं फक्त मॅचने शोधायची आणि मधली रिलेशनशिप बनवायची. फायली वेगळ्या केल्या त्याचं फळ इथे मिळतं.

चौथी-पाचवी तुकडी चुकली तरी आधीच्या तुकड्या डेटाबेसमध्ये पक्क्या झालेल्या असतात. तीच फाईल पुन्हा लावली आणि रिलेशनशिप क्रिएटने बनवत असाल तर त्या दुप्पट होतात, वजनंही दुप्पट. म्हणून प्रत्येक हालचालीला चलन कोड आणि ओळ क्रमांक यांचा मिळून एक गुणधर्म द्या आणि रिलेशनशिपला त्याच्यासकट मर्ज करा. मग फाईल कितीदाही लावली तरी परिणाम तोच.

पाचव्या मालिकेच्या अलीकडच्या आवृत्त्यांत तुकड्या समांतर चालवता येतात. नोडसाठी ते उत्तम. रिलेशनशिपसाठी जपून, कारण रिलेशनशिप बनवताना दोन्ही टोकांच्या नोडांना कुलूप लागतं आणि एका मोठ्या सूत व्यापाऱ्याच्या नोडवर चार तुकड्या एकदम आल्या तर डेडलॉक होतो, म्हणजे त्या एकमेकींच्या कुलपांची वाट बघत अडकतात. ती फेरी मी एकेरीच चालवतो.

मेमरीबद्दल थोडक्यात: १६ जीबीच्या मशीनवर हीप (क्वेरी आणि व्यवहारांची जागा) ५ जीबी, पेज कॅशे (साठ्याच्या फायली मेमरीत धरायची जागा) ७ जीबी आणि उरलेली ऑपरेटिंग सिस्टीमला. हीपची सुरुवातीची आणि कमाल मर्यादा सारखीच ठेवा. निओफोरजे-ॲडमिनला विचारलं तर तेही तुमच्या मशीनसाठी शिफारस देतं.

पायरी ७: पडताळणी

नोडांची संख्या आणि फाईलमधल्या वेगळ्या कोडांची संख्या जुळते का ते पाहा. लेबलवार मोजणी निओफोरजे आपल्या नोंदींतूनच देतं, त्यामुळे लाखांतही क्षणात उत्तर येतं. मग एकही रिलेशनशिप नसलेले लॉट शोधा. थोडे असतील तर ते गोदामातले असू शकतात, हजारो असतील तर कोड जोडण्यात गडबड आहे. त्यानंतर किलोंचा हिशेब: एका महिन्यात रंगाईला गेलेलं सूत आणि परत आलेलं सूत यांच्या बेरजा डकडीबीत मूळ फाईलवर काढा आणि निओफोरजेमध्येही काढा. तफावत आली तर बहुधा स्वल्पविरामवाल्या रकमांसारखंच एखादं वजन नल झालेलं सापडेल.

शेवटची तपासणी कागदावर करा. जुन्या चलनांच्या फायलीतून एक लॉट निवडा, शक्यतो असा की जो दोन मागवाल्यांकडे विभागला गेला आणि ज्याचा थोडा माल परत आला. रंगाई विभागातल्या जाणत्या माणसाला शेजारी बसवून तो लॉट डेटाबेसमध्ये गाठीपर्यंत चालवत न्या. फाटे तेवढेच निघाले आणि परतावाही योग्य चलनाला लागला, तर रोजची पुरवणी सुरू करायला हरकत नाही: संध्याकाळी दिवसभराच्या नव्या आणि बदललेल्या ओळींची छोटी फाईल, तीच सफाईची स्क्रिप्ट, आधी नोड, मग रिलेशनशिप, आणि मूळ फाईल तारखेच्या नावाने जपून ठेवलेली.